आवरलेली गल्ली

सोमवारी दुपारी बारा ते सव्वाबारा या पंधरा मिनिटांत नीरापूर शहराला एक लाख वेळा आग लागली आणि कुणाला साधा चटकाही बसला नाही. कापडाची गोदामं पेटली, यंत्रमाग पेटले, नदीपलीकडचे अडतीस मजली मनोरे पेटले. शाळा, लॉज, फटाक्यांची दुकानं, काही म्हणून राहिलं नाही. प्रत्येक आगीकडे आधी एक गाडी धावली, मग शहर होतं तसं पुन्हा उभं करून दुसरी धावली. सव्वाबाराला यंत्राने निकाल सांगितला: महापालिकेने 'ऐरावत' घ्यावी.

सुवर्णा भंडारेने पडद्यावरचा निकाल तीनदा वाचला. ती अग्निशमन दलाची उपअधिकारी. बावीस वर्षं धुरात काढलेली बाई, सहजासहजी दचकणारी नव्हे. पण हातातल्या चहावर साय धरली तरी तिचं लक्ष नव्हतं.

ऐरावत म्हणजे तीनशे फुटी शिडीची, रस्ताभर पसरणारी गाडी. आरशांसकट रुंदी दोन मीटर नव्वद. तिच्या विरोधात होती 'मुंगूस': रिक्षाहून थोडी मोठी, बोळाबोळांत शिरणारी, पाण्याचं धुकं करून आगीचा श्वास कोंडणारी. नीरापुरात दहांतल्या सात आगी गल्ल्यांतच लागतात, हे स्थानकासमोरचा चहावालाही सांगेल. मुंगूसच येणार याची सुवर्णाला इतकी खात्री होती की तिने माहेरच्या साळी गल्लीत तसं सांगूनही टाकलं होतं. गाडीच्या पूजेचा नारळ कुणी फोडायचा यावरून तिथल्या दोन म्हाताऱ्यांनी आधीच अबोला धरला होता.

आता या यंत्राचं थोडं सांगायला हवं, नाहीतर फसवणूक कुठे झाली ते कळायचं नाही.

पूर्वी बंब घ्यायचा म्हणजे खरेदी समिती बसायची, निविदा निघायची आणि निविदेतल्या अटी एखाद्या पुरवठादाराच्या अंगाबरोबर शिवलेल्या असायच्या. एका शहराने तर अशी गाडी घेतली की ती स्थानकाच्या दारातून आत जाईना. शेवटी दाराची कमान पाडली. उद्घाटन मात्र ठरल्या मुहूर्तावर झालं. असल्या गमतींना कंटाळून सरकारने 'प्रतिनगर' आणलं.

प्रतिनगर म्हणजे शहराचं आकड्यांनी बनलेलं जुळं भावंड. छपरावर गरगरणारा दिवा लावलेली एक छोटी गाडी गल्लीबोळांतून फिरते. दिव्यातून सेकंदाला लाखो लेझर किरण सुटतात, भिंतीवर, खांबावर, दारावर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला यावरून वस्तू किती लांब आहे ते कळतं. अशा अब्जावधी ठिपक्यांतून अख्खं शहर बोटभर चुकीसुद्धा न करता उभं राहतं. मग त्यात भरायचं कुठल्या घरात लाकूड किती, सूत किती, सिलिंडर कुठे, कोणत्या तासाला माणसं किती. गाडी बनवणाऱ्याने आपल्या गाडीचं वजन, वळण, पाणी, शिडी हे सगळं आकड्यांत द्यायचं. यंत्र आगी लावतं, गाड्या पाठवतं आणि कुठल्या गाडीने जास्त जीव वाचवले ते मोजतं. जास्त वाचवणारी गाडी घ्यायची. ओळख चालत नाही, मंत्रालयातून आलेला फोन चालत नाही.

यंत्रात खोट एकच. मोजणीच्या दिवशी जे दिसलं ते रोजच तसं असतं, अशी त्याची बिचाऱ्याची समजूत. म्हणून नियमाने एक दाखला लागतो: 'मोजणीच्या वेळी परिसर नेहमीच्या स्थितीत होता.' त्यावर सही उपअधिकाऱ्याची, म्हणजे सुवर्णाची. तिने ती दोन महिन्यांपूर्वी केली होती, मुख्य अधिकारी भास्कर कुंभोजे यांच्या टेबलावर, त्यांच्याच पेनाने.

कुंभोजे आणि प्रतिनगर यांचं तसं पटायला नको होतं. कारण यंत्र येण्याआधी नीरापुरात गाडी निवडायची रीत कुंभोज्यांची होती आणि ती रीत साळी गल्लीतल्या एका मरणातून निघाली होती. सुवर्णा एकवीस वर्षांची असताना गल्लीत आग लागली. बंब तोंडाशी आला आणि गटारावरच्या लोखंडी पायऱ्यांत अडकला. तेव्हाचे तरणे कुंभोजे पाईप खांद्यावर घेऊन दोनशे फूट पळत आत गेले आणि सुवर्णाच्या वडिलांना पाठीवर घालून बाहेर आले. आबा तिसऱ्या दिवशी गेले. तेराव्याला कुंभोजे आले ते भरतीचा अर्ज घेऊनच.

पुढच्या गाडीची खरेदी निघाली तेव्हा त्यांनी कागद बाजूला सारले आणि बांबूंचा सांगाडा बांधला, गाडीच्या लांबीरुंदीचा. आठ जवानांनी तो उचलून शहरातल्या प्रत्येक गल्लीतून न्यायचा. जिथे अडकेल तिथे चुन्याची फुली. फुल्या जास्त झाल्या तर गाडी नापास. लोक हसायचे, पोरं मागे ढोल बडवत फिरायची. नव्या भरतीतली सुवर्णा सांगाड्याचा उजवा कोपरा धरून चालायची आणि तिला वाटायचं, जगात देव असला तर तो खाकी कपड्यांत असावा.

त्या माणसाने सांगितलं म्हणून तिने सही केली होती. वाचून केली होती, पण विचारलं नव्हतं काही.

दुपारी तिने प्रतिनगर उघडलं आणि पडद्यावरून साळी गल्लीत शिरली. पाचव्या घरापाशीच ती थांबली. गल्ली ओळखू येईना. सुताच्या कांड्या लावायचे लोखंडी घोडे नाहीत, सायकली नाहीत, बाजा नाहीत, पाण्याची पिंपं नाहीत. गटारावरच्या सुट्या लोखंडी पायऱ्या उचलून आत घेतलेल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन मीटर चाळीस, सगळी मोकळी. रोज या गल्लीतून जाताना दोन माणसांना एकमेकांना वाट द्यावी लागते.

नवव्या घरासमोर, म्हणजे तिच्या भावाच्या दारात, जमिनीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी होती. पांढरी भुकटी लेझरला उजळ दिसते. तिने चित्र मोठं केलं. कमळ होतं, दोन पणत्या होत्या आणि खाली कल्पना वहिनीच्या वळणदार अक्षरात 'सुस्वागतम्'.

मग तिला सगळं आठवलं. मोजणीच्या आदल्या दिवशी कुंभोजे म्हणाले होते, "गल्लीत निरोप दे, जरा आवरून ठेवा म्हणावं. यंत्र नाजूक आहे, धक्का नको लागायला." तिने निरोप दिला होता. आणि साळी गल्लीला 'जरा' माहीतच नाही. पाहुणा यायचा म्हटलं की ही माणसं चुलीपर्यंत सारवून ठेवतात. मुंगूस घेऊन येणारं यंत्र म्हणजे तर जावयाहून मोठा पाहुणा. त्यांनी सडा घातला, रांगोळी काढली आणि आपली गल्ली, आपल्या हाताने, ऐरावतासाठी रुंद करून दिली.

ती कुंभोज्यांच्या खोलीत गेली. बसली नाही.

"सर, साळी गल्लीत रांगोळी दिसतेय."

कुंभोज्यांनी चष्मा काढला. "बघितलीस तर."

"तुम्ही कधी बघितलीत?"

"मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी."

"आणि तिसऱ्या दिवशी माझी सही घेतलीत?"

त्यांनी चष्म्याची काच पुसली. मग नेहमीच्या, धीर देणाऱ्या आवाजात म्हणाले, "बस. आपली शिडी अकराव्या मजल्यापर्यंत जाते, सुवर्णा. मनोऱ्यांत सव्वीस हजार माणसं राहतात. गल्लीतला माणूस पळतो, शेजारी बादल्या आणतात, आपण पाईप घेऊन चालत जातो. एकोणतिसाव्या मजल्यावरचा कुठे पळेल? अनुदान एकाच गाडीचं आहे."

"मग हे यंत्रानेच मोजलं असतं की!"

"मोजलं असतं. दोन्ही गाड्यांत फरक थोडाच आहे, खरी साळी गल्ली दाखवली तर मुंगूस जिंकते. मी आधी हाताने मापं भरून बघितलं होतं."

हे ते इतक्या सहज बोलले की सुवर्णाला क्षणभर आपण काही चुकीचं ऐकलं असं वाटलं. मग तिला तो एकोणतिसावा मजला खटकला. गेल्या वर्षी ती तिथे वास्तुशांतीला जाऊन आली होती, चांदीचा करंडा घेऊन.

"एकोणतिसावा ऋचाचा मजला ना, सर?"

"हो. माझ्या मुलीचा." कुंभोज्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "आणि तू कुणासाठी मुंगूस मागत होतीस? साळी गल्लीत तुझा भाऊ राहत नाही?"

"राहतो. पण मी माप बदललं नाही."

"मीही नाही बदललं. गल्ली तुझ्या लोकांनी आवरली, आवरायला तू सांगितलंस, दाखल्यावर सही तुझी. मी खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही."

खरंच लिहिलं नव्हतं. सगळं तिच्याच हाताने झालं होतं. ज्या माणसाच्या पाठीवरून बाप घराबाहेर आला, त्याच माणसाने केसाने गळा कापला होता. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आपल्या आंधळेपणाची, आणि त्या करंड्याचीसुद्धा.

"हरकत घ्यायला आठ दिवस आहेत," ती म्हणाली.

"आहेत. पण हरकत घेशील तर आपण खोटा दाखला दिला असं तुलाच लिहून द्यावं लागेल. निलंबन ठरलेलं." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. गप्प राहा. सहा महिन्यांनी मी निवृत्त होतोय, ही खुर्ची तुझी आहे."

संध्याकाळी ती माहेरी गेली. मागांची खडखड चालू होती. ती थांबवल्याशिवाय बोलणं शक्य नव्हतं, म्हणून अरविंदने, तिच्या धाकट्या भावाने, बटण दाबलं. शेजारचीही चारपाच माणसं जमली. सुवर्णाने काही लपवलं नाही. येणारी गाडी गल्लीत शिरू शकणार नाही, असं सांगितलं. का, तेही सांगितलं.

मग कल्पना वहिनी म्हणाली, "वन्सं, रांगोळी मी काढलेली. म्हंजे माझंच चुकलं व्हय?"

"तुझं नाही गं. माझं चुकलं."

"पर आवरा म्हणून तूच सांगितलंस न्हवं अक्का?" अरविंदचा आवाज कोरडा होता. "आमी तुझ्या शब्दावर पायऱ्या उचलल्या. गटारात पाय मोडला समोरच्या शिरपाअण्णाचा."

तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं ते. मग ती म्हणाली, "मी हरकत घेते. राज्याचं पथक येईल, पुन्हा माप घेईल. कुंभोज्यांचाच सांगाडा स्थानकाच्या माळ्यावर आहे, तो ऐरावताच्या मापाचा करून गल्लीतून नेऊ. अडकला की सिद्ध झालं."

"आन् तुझी नोकरी?"

"जाईल."

"मग आमी काय करायचं?"

"काहीच करायचं नाही. तेवढं मात्र नक्की करायचं. त्या दिवशी गल्ली रोजच्यासारखी राहू द्या. एक कांडीसुद्धा हलवू नका."

अरविंदने भिंतीवरच्या आबांच्या फोटोला हात लावला. "आबाची आण. कांडी हलणार न्हाई."

त्या एका वाक्यावर तिने दुसऱ्या दिवशी हरकत लिहिली. 'मी दिलेला दाखला वस्तुस्थितीला धरून नव्हता,' हे वाक्य तिने दोनदा वाचलं आणि खाली स्वच्छ सही केली. सांगाडा माळ्यावरून उतरवला. जुन्या बांबूंवर अजून चुन्याचे डाग होते. तिने नवे बांबू घालून तो बरोबर दोन मीटर नव्वदचा केला, दोनदा मोजला, गाठी स्वतः आवळल्या. पथक यायची तारीख मुख्य अधिकाऱ्यांना कळवायची असते. तीही तिने नियमाप्रमाणे कळवली.

गुरुवारी सकाळी अकराला पथक आलं. तिघं जण आणि त्यांच्या प्रमुख एक करड्या केसांच्या बाई. कुंभोजेही आले होते, इस्त्रीच्या गणवेशात. आठ जवानांनी सांगाडा उचलला. मारुतीच्या देवळाला वळसा घालून सगळे गल्लीच्या तोंडाशी आले, आणि सुवर्णाचे पाय जागीच थांबले.

गल्ली झाडलेली होती. सडा अजून ओला होता. घोडे नाहीत, पिंपं नाहीत, बाजा नाहीत. पायऱ्या उचललेल्या. माग बंद. दोन्ही बाजूंना दारादारांत माणसं उभी होती, पूजेला उभी राहावीत तशी गप्प, आणि एकाचेही डोळे तिच्याकडे वळत नव्हते. नवव्या दारात अरविंद उभा होता. तो जमिनीकडे बघत होता. रांगोळी तेवढी नव्हती.

"चला," प्रमुख बाई म्हणाल्या.

सांगाडा निघाला. पहिलं घर, दुसरं, पाचवं, नववं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून तो सरळ गल्लीच्या टोकाला, विहिरीच्या चौकात पोचला. कुठेही घासला नाही. कुठेही चुन्याची फुली मारावी लागली नाही.

"हरकत तुमचीच ना, भंडारे मॅडम?"

"हो."

"मग अडलं कुठे?"

"आज आवरलीय ही गल्ली," सुवर्णा म्हणाली. "रोज अशी नसते."

बाईंनी टिपणवहीतून मान वर केली. त्या दुष्ट नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या. "मोजणीच्या दिवशी आवरली होती म्हणता. आजही आवरलेली आहे. मग न आवरलेली असते तरी कधी?" त्यांनी अरविंदला विचारलं, "काय हो, तुमची गल्ली रोज अशीच असते?"

सगळी गल्ली ऐकत होती. अरविंदने एकदा, ओझरतं, बहिणीकडे पाहिलं.

"अशीच असती, बाई," तो म्हणाला.

पथक गेलं. कुंभोजे जाताना सांगाड्यापाशी थांबले, एका गाठीवर त्यांनी बोट फिरवलं आणि निघून गेले.

सुवर्णा विहिरीच्या कट्ट्यावर बसली. बऱ्याच वेळाने अरविंद चहा घेऊन आला. तिने कप घेतला नाही.

"आबाच्या फोटोला हात लावला होतास तू."

"लावला हुता." तो समोर उकिडवा बसला. "काल कुंभोजेसाहेब आलते घरी. खोटं काय बोलले न्हाईत ते. म्हणाले, पथकाच्या मापात जे दिसंल ते कायमचं प्रतिनगरात जाणार. प्रतिनगर काय फकस्त बंबवाल्यांचं न्हाई, अतिक्रमणवालेबी तेच बघतेत. पायरी दिसली की नोटीस आपोआप, घोडा दिसला की नोटीस. आठ दिवसांत जेसीबी. खरं हाय का न्हाई सांग."

खरं होतं. तिला ते ठाऊक होतं. ते या लोकांना सांगायचं राहून गेलं होतं, की तिने राहू दिलं होतं, हे आता तिचं तिलाही सांगता येईना.

"मला सांगायचंस तरी. काल सांगितलं असतंस तर मी हरकत मागे घेतली असती. नोकरी राहिली असती माझी."

"गल्लीनं ठरवलं, अक्का. तुला सांगितलं तर तू ऐकली नसतीस." त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "आग एक दिस लागती. गल्ली रोज लागती. घोडं कुठं ठेवू मी, डोक्यावर?"

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे वासे आधी फिरले होते आणि तिला पत्ताही नव्हता.

चौकाला दुसरी वाट नाही. आलं त्याच वाटेने परत जायचं. अर्ध्या तासाने जवानांनी सांगाडा पुन्हा खांद्यावर घेतला आणि सुवर्णा मागून चालू लागली. तेवढ्या वेळात गल्ली परत मूळ रूपावर आली होती. पायऱ्या गटारावर बसल्या होत्या, पिंपं दाराशी आली होती, बाजेवर कुणी मिरच्या वाळत घातल्या होत्या. माग सुरू झाले होते. जवान तिरके होत, वाकत, "अहो, सरका की" म्हणत चालले होते आणि बायका हसून बाजा ओढून घेत होत्या, सगळं संपल्यावर माणसं हसतात तशा.

नवव्या घरासमोर सांगाडा अडकला. एका बाजूला अरविंदचा कांड्यांचा घोडा, दुसऱ्या बाजूला शिरपाअण्णाच्या पायऱ्या. पुढे जाईना, मागे येईना. एक बांबू घोड्याच्या लोखंडात असा रुतला की कडकड आवाज आला.

माग पुन्हा थांबले. लोक दारात आले. कल्पना वहिनीने तोंडावर पदर घेतला.

"थांब अक्का, घोडा आत घेतो," अरविंद पुढे झाला.

"हात लावू नको," सुवर्णा म्हणाली.

तिने पिंपापाशी पडलेला चुन्याचा डबा उचलला. सकाळी फुल्या मारायला आणलेला तो डबा तसाच भरलेला होता. तिने बोटं बुडवली आणि भावाच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीला लागून, एक मोठी फुली मारली. कुणी अडवलं नाही. पांढरे ओघळ उंबऱ्यापर्यंत आले.

"सोडा तो सांगाडा," तिने जवानांना सांगितलं. "इथेच राहू दे."

"आन् गल्लीतनं जायचं कसं?" मागून कुणीतरी विचारलं.

सुवर्णा वाकून बांबूखालून आत शिरली, ऐरावताच्या मापाच्या त्या रिकाम्या चौकटीमधून चालत गेली, आणि पलीकडे पुन्हा वाकून बाहेर पडली. एकट्या माणसाला जाण्याइतकी जागा होती.